चालते म्हणायचं राहिलं

मामाजी,

तुमच्या तेरवीला जो आला तो एकच वाक्य सांगून गेला. बुढ्यानं कधी कोणाले दुखवलं नाही. गांधीबागेतल्या दुकानातले तुमचे सोबती म्हणाले, समोरच्या किराणावाल्या काकू म्हणाल्या, उमरेडचे तुमचे चुलतभाऊ तर पुरी मोडता मोडता म्हणाले. मी वाढत होते. प्रत्येक वेळी वाटायचं, हातातलं पातेलं खाली ठेवावं आणि सांगावं, दुखवलं ना. मला दुखवलं. एका बोटानं दुखवलं.

पण सुनेनं सासऱ्याच्या तेरवीला असं बोलायचं नसतं. तुम्ही असतानाही बोलायचं नसतं. मग कधी बोलायचं, ते मला अजून कोणी सांगितलेलं नाही. म्हणून इथं लिहिते.

मी या घरात आले तेव्हा तुमच्या तोंडून पहिला शब्द ऐकला तो 'चालते'. इचलकरंजीहून येताना गाडीत माझ्या पेटीची कडी निखळली होती. सासरी पहिल्याच पावलाला मोडकी पेटी, म्हणून मी रडकुंडीला आले होते. तुम्ही पेटीला सुतळी बांधलीत, विणकराची गाठ मारलीत आणि म्हणालात, "चालते." नंतर कळलं की हा तुमचा सगळ्यावरचा शब्द आहे. वरण खारट झालं, चालते. पंखा एकाच गतीनं फिरतो, चालते. आईंनी तुम्हाला खुर्चीवरून उठवून तिथं पाहुण्याला बसवलं, तरी चालते. आमच्याकडं 'चालतं' म्हणतात, तुमच्याकडं 'चालते', एवढाच फरक. मला वाटायचं, किती समाधानी माणूस आहे. माझ्या आईलाही फोनवर मी तेच सांगितलं होतं, की सासरे फार चांगले आहेत, कशालाच नाही म्हणत नाहीत.

तुमच्या तोंडून 'नाही चालत' मी फक्त एका वस्तूबद्दल ऐकलं. ती वस्तू आत्ता माझ्यासमोर आहे.

पहिल्याच आठवड्यात आई म्हणाल्या होत्या, भाजीत सांभार टाक. मी सगळे डबे उघडून बघितले. सांबारचा मसाला कुठं दिसेना, आणि विचारायची भीती. मला सगळ्याचीच भीती वाटते, हे तुम्हाला सांगायला नको. गॅसचं बटण मी अजूनही परत जाऊन बघते. तुम्ही दारात आलात, ओट्यावरची कोथिंबिरीची जुडी उचलून माझ्या हातात दिलीत आणि आईंना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणालात, "हे सांभार. तुमच्याकडचं सांबार अलग." मला इतकं बरं वाटलं, की माहेर सोडल्यापासून पहिल्यांदा पोटभर जेवले. आई आणि तुमचा मुलगा समोरच्या खोलीत होते आणि तुम्ही कुजबुजत होतात, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. तुमचा सगळा चांगुलपणा असाच होता, मामाजी. हळू आवाजातला, मागच्या खोलीतला.

मागची खोली म्हणजे तुमच्या मागाची खोली. हातमाग कधीच काढून टाकला होता, पाय सोडायचा खड्डा तेवढा राहिला होता आणि त्यावर शहाबादी फरशी बसवली होती. दुकानातलं काम गुडघ्यांमुळं सुटल्यावर तुम्ही दुपारभर त्या फरशीवर स्टूल टाकून बसायचात. काही करायचा नाहीत, नुसते बसायचात. एकदा मी चहा घेऊन आले तेव्हा म्हणालात, "माग गेला तेव्हापासून या घरात काही हालतच नाही वं." मी म्हटलं, पंखा हलतो की. तुम्ही हसलात. म्हणालात, तो फिरते. हालणं अलग.

मला कळलं तुम्हाला काय म्हणायचंय. माझेही वडील मागावरच होते, यंत्रमागावर. ते माग बंद पडले म्हणून नववीत माझी शाळा सुटली आणि मी दुसऱ्यांकडं सुताच्या कांड्या भरायला लागले. शाळा सुटली याच्यापेक्षा घरातला तो खडखडाट थांबला, तेच मला जास्त भीतीदायक वाटलं होतं. असं कुणापाशी कधी बोलले नव्हते. तुमच्यापाशी बोलले.

गेल्या उन्हाळ्यात तुम्ही मला फोनवर तो व्हिडिओ दाखवलात. एक परदेशी माणूस, टेबलावर एक डबा, डब्याखाली मेणबत्ती आणि डब्यावर गरगर फिरणारं चाक. तो काय बोलत होता ते आपल्या दोघांनाही समजत नव्हतं. तुम्ही बोटानं पडद्यावर दाखवत होतात. "पाह्य, ना डिझेल, ना बिजली. निस्ती गरम हवा. आपण करू." 'मी करतो' म्हणाला असतात, तर मी चहाचा कप उचलून गेले असते. तुम्ही 'आपण' म्हणालात. त्या घरात मला कुणी 'आपण'मध्ये धरलेलं ते पहिलंच.

दुपारी आई कूलरसमोर झोपायच्या, हे रामदासपेठेत दवाखान्याच्या काउंटरवर असायचे. आपण मागच्या खोलीत. तुपाचा रिकामा डबा झाला बाहेरचा. थंड पेयाचा कॅन कापून आतला डबा केला. वरच्या तोंडावर फुगा ताणून बांधला, फुग्याच्या मध्यावर तुमच्या शर्टाचं बटण चिकटवलं, बटणाच्या भोकातून दोरा, दोऱ्याला आतला डबा लटकवलेला. वर सायकलच्या तारेचा वाकडातिकडा दांडा आणि त्याच्या टोकाला गाण्यांच्या जुन्या दोन सीड्यांचं चाक. मेणबत्तीनं खालची हवा तापली की ती पसरते आणि फुगा वर ढकलते. मग आतला डबा खाली येऊन तीच हवा वर सारतो. वरच्या भागाभोवती पाणी ठेवलेलं, तिथं ती निवते, आकसते आणि फुगा आत ओढला जातो. पुन्हा वर, पुन्हा खाली. हे मी आता झोपेतही सांगेन. तेव्हा आपल्याला कुठं माहीत होतं.

सुरुवातीला ते हललंच नाही, आणि का हलत नाही ते कळेना. आपण आतला डबा इतका नेटका बसवला होता, की त्याच्या आणि बाहेरच्या डब्याच्या मधून केससुद्धा गेला नसता. आपण दोघंही मागाच्या घरातले. सैल काही आपल्याच्यानं बघवत नाही. सैल ताणा म्हणजे वाया गेलेला कपडा, हेच लहानपणापासून डोक्यात. पण इथं हवेला बाजूनं जायला वाट हवी होती आणि ती आपणच बंद केली होती. आतला डबा कापून बारीक करताना तुमचा जीव इतका खाली-वर झाला, जणू कुणी तुमच्याकडून मुद्दाम खराब काम करून घेत होतं. "असं ढिल्लं काम मी जिंदगीत केलं नाही," म्हणालात.

मग दांड्याचं भांडण. तारेला दोन वाकणं द्यायची होती, एक आतल्या डब्याच्या दोऱ्यासाठी, एक फुग्यासाठी. तुम्ही ती अगदी समोरासमोर वाकवलीत. एक वर तर दुसरं खाली. "मागाचं तसंच असते. एक पाय दाबला की दुसरा उचलाचा." मी व्हिडिओ थांबवून थांबवून बघितला होता. आतला डबा पार वर असतो तेव्हा फुगा अर्ध्यातच असतो. म्हणजे समोरासमोर नाही, काटकोनात. एक वाकण घड्याळातल्या बाराच्या आकड्यावर असेल तर दुसरं तीनच्या. आठवीच्या भूमितीतलं मला एवढंच नीट आठवत होतं आणि ते कधी उपयोगी पडेल असं वाटलं नव्हतं. तुम्हाला पटेना. मी तार काटकोनात वाकवून ठेवायची आणि दुसऱ्या दुपारी बघावं तर ती पुन्हा समोरासमोर. विचारलं तर म्हणायचात, "मले काय मालूम. आपोआप झाली असन." शेवटी एकदा पकड माझ्या हातात देऊन म्हणालात, "कर तुह्या मनानं. नाही चाललं तर मंग माह्यं ऐकजो." खरं सांगते, शाळा सुटल्यापासून माझ्या हातात कुणी काही असं सोपवलं नव्हतं. त्याबद्दल तुमचे उपकार आहेत आणि ते मी विसरणार नाही. विसरता आले असते तर हे लिहिणं सोपं गेलं असतं.

कूलर काढून ठेवायच्या दिवसांत यांनी जेवताना सहज सांगितलं, दवाखान्यात वॉर्डात मदतनीस बाया घेऊन राहिले, दहावी पास पाहिजे, तू असती तर चिकटवली असती. यांनी भाताचा दुसरा घास घेतला आणि विसरून गेले. मी विसरले नाही. शाळेत न जाता बाहेरून दहावीला बसता येतं, सतरा नंबरचा फॉर्म भरायचा असतो, हे मी विचारून ठेवलं. शाळा सोडल्याचा दाखला तुम्ही सुतळी बांधलेल्या त्याच पेटीत होता. पण घरात विचारायचं कुणी? आई म्हणणार, आता घर सांभाळ. हे म्हणणार, आईला विचार. म्हणून मी तुम्हाला सांगितलं. तुम्ही पकड खाली ठेवलीत.

"मी बोलतो ना," म्हणालात. "इंजिन चालू दे. त्याच दिवशी बोलतो. समोरच्या खोलीत, सगळ्यायसमोर."

मी विचारलं, त्यात इंजिनाचं काय. तुम्ही म्हणालात, "खुशीच्या दिवशी कोणी नाही म्हणत नाही."

मला ते पटलं. वेड्यासारखं पटलं. त्या दिवसापासून ते इंजिन माझं झालं, मामाजी. तुम्हाला ते हालायला हवं होतं, मला ते चालायला हवं होतं. फॉर्मची मुदत पावसाळा सरता सरता संपणार होती. मी भाकरी थापताना हवा कुठून निसटते याचा विचार करायची. डबा बादलीत बुडवून बुडबुडे शोधायची, सायकलच्या ट्यूबसारखे. हवा अडवायला सांध्यांना मळून लावायचा, पुट्टीसारखा मसाला पुन्हा पुन्हा लावायची. तुम्ही सुती दोऱ्यावर अडून बसला होतात, तो वात भरल्यासारखा फुगायचा आणि बटणात अडकायचा. मी मासे पकडायचा प्लास्टिकचा दोरा आणायला लावला तेव्हा तुम्ही म्हणालात, कोष्ट्याच्या घरात नायलॉन. आई दारातून बघून जायच्या. "झाली का तुमची भातुकली?" विचारायच्या.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ते चाललं.

मारबतीची मिरवणूक बघायला आई आणि हे गल्लीच्या तोंडाशी गेले होते. सगळी गल्लीच तिकडं होती. घरात आपण दोघं. बाहेरून ढोल आणि 'ईडा पीडा घेऊन जा गे मारबत' अशी ओरड येत होती. मी माठातलं पाणी भरलं, मेणबत्ती लावली, काडी विझली का ते परत बघितलं. हवा तापेपर्यंत थांबलो. मग तुम्ही चाकाला टिचकी मारलीत. ते फिरलं, थांबतंय असं वाटलं आणि थांबलं नाही. टुक टुक टुक असा बारीक आवाज करत ते आपलं आपण फिरत राहिलं. फुगा श्वास घेतल्यासारखा वरखाली होत होता.

मी तुमच्याकडं बघितलं. तुम्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसला होतात आणि तुमचे पाय फरशीवर आळीपाळीनं दाबले जात होते, एक वर, एक खाली. तुम्हाला ते कळतही नव्हतं. त्या क्षणी तुम्ही मला जगातला सगळ्यात आवडता माणूस वाटलात. हे मी मुद्दाम लिहिते आहे. पुढचं लिहिताना हे राहून जायला नको.

पुढचं दार वाजलं. आईंचा आवाज आला, पाठोपाठ यांचा. यांनी समोरच्या खोलीतूनच हसत विचारलं, "काय बाबा, चालली का तुमची मशीन?"

तुम्ही चाकावर बोट ठेवलंत. उजव्या हाताचं. चाक थांबलं.

"नाही चालत बा अजून," तुम्ही म्हणालात. "पाहू."

मी काड्यापेटी हातात धरून उभी होते. तुम्ही माझ्याकडं बघितलं नाहीत. मेणबत्ती फुंकलीत आणि मसाल्याचा तुकडा मळायला घेतलात, जणू अजून कुठंतरी हवा निसटत होती. मी बोलू शकले असते असं कुणी म्हणेल. काय बोलायचं होतं? की सासरे खोटं बोलतात? बाहेरून आलेल्या सुनेनं, नवऱ्यासमोर, सासूसमोर? तुम्हाला हे पक्कं माहीत होतं. म्हणून तर तुम्ही निश्चिंत होतात.

दुसऱ्या दुपारी मी विचारलं. तुम्ही म्हणालात, ते काय चालणं होतं, दोन मिनिटाचं. मेणबत्ती संपेपर्यंत चाललं तर चाललं म्हणावं. मी म्हटलं, चाललं असतं, तुम्ही बोट लावलंत.

"लागलं वं. बोट लागलं."

"लागलं नाही, मामाजी. लावलंत."

"लागलं," तुम्ही म्हणालात आणि तोंड फिरवलंत.

आपला वाद तिथं थांबला तो आजही तिथंच आहे. मुदत संपली. "पुढच्या साली," तुम्ही म्हणालात. "दहावी कुठं पळून राहिली?" दहावी कुठं पळत नव्हती. मीच तिच्यापासून लांब चालले होते, ते तुम्हाला दिसत होतं की नाही मला ठाऊक नाही.

त्यानंतर मी मागच्या खोलीत आले नाही. चहा दारात ठेवायची. जेवायला वाढायची, पाणी द्यायची, काही कमी केलं नाही. पण बसले नाही. तुम्ही हिवाळाभर तिथं एकटे खुडबुड करायचात आणि मला ऐकू येईल असे खोकायचात. एकदा महाल भागातल्या दुकानातून फुग्यांचं पाकीट आणून ओट्यावर ठेवून गेलात. एक शब्द नाही. समोर आईच होत्या ना. मी ते पाकीट हळदीच्या डब्यामागं सरकवून दिलं.

तुम्ही असं का केलंत, यावर मी पुष्कळ विचार केला. इथं माझं माहेरचं कुणी नाही, विचार करायला वेळच वेळ असतो. सुरुवातीला वाटलं, तुम्ही आईंना भिता. मग वाटलं, मुलासमोर सुनेची बाजू घ्यायची लाज वाटते. अलीकडं वेगळंच सुचलं. इंजिन चाललं असतं, तर तुम्हाला बोलावं लागलं असतं, मी अभ्यासाला लागले असते, मग नोकरीला लागले असते, आणि दुपारी मागच्या खोलीत तुमच्यासोबत कोण बसलं असतं? शेजारच्या ताईंना हे सांगितलं तर त्यांचे डोळे भरून आले. किती जीव होता म्हणे तुझ्यावर. असेल. पण मला ते गोड लागत नाही, मामाजी. तुमच्या दुपारी भरायच्या म्हणून माझं वर्ष गेलं असेल, तर भीतीनं गेलेलं मला जास्त चाललं असतं. भीती मला कळते.

मे महिन्यात तुम्ही गेलात. दुपारीच, त्याच खोलीत. पडल्याचा आवाज ऐकून मी पहिली पोचले. रिक्षात घालेपर्यंत तुमचे डोळे उघडे होते आणि माझ्याकडं होते. मला वाटलं आता तरी बोलाल. तोंडावरून घाम पुसला तर नुसती मान हलवलीत, तुमची नेहमीची मान, चालते अशी.

तेरवी झाल्यावर आई म्हणाल्या, मागची खोली साफ करून टाक, भंगारवाल्याले बोलाव. मी इंजिन बाजूला काढलं. उन्हानं फुगा चिकट होऊन फाटला होता. हळदीच्या डब्यामागचं पाकीट काढलं, तुमचं, अजून तसंच बंद. नवा फुगा ताणून बांधला. मेणबत्ती लावली, टिचकी मारली. चाक फिरलं आणि थांबलं. पुन्हा मारली, पुन्हा थांबलं. बादलीत बुडवलं, बुडबुडा नाही. दोरा मोकळा होता. दांडा बघितला. तुम्ही तो एकटे असताना पुन्हा समोरासमोर वाकवला असणार, अशी माझी खात्री होती. पण तो काटकोनात होता. तुम्ही माझंच तसंच ठेवलं होतं. मी तिथं फरशीवर बसून रडले, आणि रडताना रागच जास्त होता. एवढं ठेवलंत, तर त्या दिवशी बोट का ठेवलंत?

मग भोवतीच्या पाण्यात हात घातला. चहासारखं गरम. माठातलंही कोमटच. खाली मेणबत्ती तापलेली, वर नागपूरचा उन्हाळा तापलेला. दोन्हीकडं गरम असेल, तर हवा कुणीकडं निवणार आणि कशासाठी हलणार? बर्फ पाहिजे होता. गेल्या उन्हाळ्यातही पाहिजे होता. तेव्हा मी म्हटलं होतं, फ्रिजमधला घेऊ, आणि तुम्ही म्हणाला होतात, "राहू दे. तिले सांगावं लागन." फ्रिज समोरच्या खोलीत आहे ना.

रविवार होता. समोरच्या खोलीत आई पलंगावर होत्या, हे खुर्चीत. मी इंजिन नेऊन फ्रिजजवळच्या टीपॉयवर ठेवलं. फ्रिज उघडून बर्फाचा ट्रे काढला, दणकन आपटून तुकडे सोडवले आणि पाण्यात टाकले. मेणबत्ती लावली तर कूलरच्या वाऱ्यानं विझली. परत लावली, परत विझली. मग मी जाऊन कूलर बंद केला.

"कूलर काहून बंद केला?" आई उठून बसल्या. त्या उन्हात, त्या घरात, कुणी आईंच्या समोर कूलर बंद केलेला नव्हता.

मी म्हटलं, थोडा वेळ. काडी ओढली. हवा तापायची वाट बघत उभी राहिले. कूलरशिवाय खोली इतकी शांत झाली की बर्फाचा तुकडा तडकल्याचं ऐकू आलं. मग टिचकी मारली.

टुक टुक टुक.

आईंनी बघितलं. मग म्हणाल्या, "हे चालते?"

"चालते."

"ते तर म्हणत, नाही चालत."

"मारबतीच्या दिवशी चाललं होतं," मी म्हटलं. "तुम्ही दोघं बाहेर गेला होतात तेव्हा."

आईंच्या चेहऱ्यावर काय आलं ते मला सांगता येत नाही. त्या तुमच्या रिकाम्या स्टुलाकडं बघावं तशा मागच्या खोलीच्या दाराकडं बघत राहिल्या. त्यांनाही तुम्ही काही सांगितलेलं नव्हतंत, हे मला तेव्हा कळलं. यांनी खुर्ची पुढं ओढली आणि वाकून लहान मुलासारखं चाकाकडं बोट नेलं.

"बोट लावू नका," मी म्हटलं.

या आवाजात मी त्यांच्याशी कधी बोलले नव्हते. त्यांनी बोट मागं घेतलं. आवाज निघालाच होता, तर मी पुढचंही बोलून टाकलं. मी दहावीला बसणार आहे. बाहेरून. दाखला पेटीत आहे, फॉर्म या महिन्यात निघेल तो भरणार आहे. 'चालेल का' असं विचारायचं माझ्या तोंडावर आलं होतं, मामाजी. ते गिळलं.

कुणी 'चालते' म्हणालं नाही. कुणी 'नाही' पण म्हणालं नाही. यांनी आईंकडं बघितलं. आईंनी पदरानं गळ्याचा घाम पुसला आणि म्हणाल्या, "लाव वं आता कूलर. जीव जाऊन राहिला."

"हे थांबल्यावर," मी म्हटलं.

आणि आम्ही तिघं त्या उकाड्यात बसून राहिलो. बर्फ विरघळला, मी उठून दुसरा टाकला. घाम पाठीवरून वाहत होता. कुणी उठलं नाही, कुणी कूलरकडं हात नेला नाही. मेणबत्ती बसत बसत पार टीपॉयला लागली, वात मेणात पडली आणि विझली. तरी चाक थोडा वेळ फिरलं. मग हळू झालं, झुललं आणि थांबलं. तुम्ही म्हणाला होतात तसंच, मेणबत्ती संपेपर्यंत.

चालून चालून आपोआप थांबलेलं चाक कसं दिसतं ते मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. तुम्ही मला ते बघू दिलं नव्हतंत.